एकेचाळीस कोरे रकाने

साखरा गावच्या करुणाला आता सरांचं नाव काढलं तरी मळमळतं. सर म्हणजे प्रेमानंद सर, तालुक्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्रमुख आणि तिच्या पीएचडीचे मार्गदर्शक.

नऊ वर्षं ती तिथं तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि दर सोमवारी एकच नोंद करत होती. आपल्या आकाशगंगेपलीकडे रेडिओ लहरी फेकणारी एक दीर्घिका आहे. तिचं तेज कमीजास्त होतं. परदेशातल्या एका डोंगरावरची दुर्बीण तिच्या मिलिमीटरहूनही आखूड लहरी टिपते आणि मापं इंटरनेटवर टाकते. हवेत दमटपणा वाढला की त्या लहरी वाटेतच जिरतात, माप मिळत नाही. त्या आठवड्याचा रकाना करुणा कोरा ठेवायची. असे एकेचाळीस झाले होते.

प्रबंध जमा करायच्या दिवशी सरांनी छापून आणलेली प्रत तिनं उघडली, तर एकूण एक रकाना भरलेला! मागच्यापुढच्या मापांची सरासरी काढून सरांनी हे दिवे लावले होते. एका फेब्रुवारीत, तिचे रकाने कोरे असताना, दुसऱ्या दुर्बिणीला तेज दुप्पट झालेलं दिसलं होतं. इथं मात्र आलेखाची रेघ सपाट.

"सर, हे काय करून ठेवलं?"

"कोरं बरं दिसत न्हाई. काहून घाबरून राहिलीस? कोण तिथवर पाहायला चाललंय?"

"खोटं माप माझ्या नावानं जाणार न्हाई."

"मग माझी सही न्हाई. पक्क्या नोकरीवर पाणी सोड."

तिनं सोडलं. प्रबंधाची मुदत गेली, पीएचडी लागणारी कॉलेजातली पक्की जागा दुसऱ्याला मिळाली, आणि लोकांनी हेकट ठरवलं ते तिलाच. या माणसापुढं आपण नऊ वर्षं अदबीनं उभे राहिलो, याची तिला किळस आली.

वर्षभरानं सरांचा लेख एका संशोधनपत्रिकेत छापून आला. तिचीच नऊ वर्षं, तेच भरलेले रकाने, लेखक एकटे सर. शेवटी आभार: 'अचूक नोंदींसाठी विद्यार्थिनी करुणा हिचे.' चोरी एकवेळ तिनं गिळली असती. पण या निलाजऱ्यानं आपल्या खोट्याला तिला जामीन ठेवलं होतं.

भाऊ भीमराज म्हणाला, "ताई, गुरूची तक्रार केलीस तर जिल्ह्यात कोणतंच कॉलेज तुला दारात उभं करणार न्हाई."

"व्हय, ठाऊक हाय मला."

तिनं संपादकांना पत्र लिहिलं. एकेचाळीस तारखा एकाखाली एक मांडल्या आणि प्रत्येकीपुढं लिहिलं, 'माप नाही.' आभारातलं माझं नाव काढा, असंही कळवलं. पत्राखाली मात्र आपलं पूर्ण नाव घातलं.