अदलियातला पलोव

झाकण उचललं की तो वाफेत तोंड धरायचा आणि डोळे मिटायचा. अदलियातल्या त्या छोट्या उझबेक हॉटेलात तुम्ही कधी शुक्रवारी दुपारी गेला असाल, तर काउंटरमागे त्या आचाऱ्याला पाहिलं असेल. घाई करणाऱ्याला तो एकच सांगायचा, "रुको भाई. अभी चावल सो रहा है."

मी मूळचा रत्नागिरीचा, इथे आखातात एसीची कामं करतो. त्याच्या किचनमधला एसी दुरुस्त करायला गेलो, तिथे ओळख झाली. तो समरकंदचा. हिंदी शिकला सिनेमे बघून. पलोव म्हणजे मटण, गाजर, जिरं आणि अख्खा लसूण घालून शिजवलेला भात. "ही तर आमची बिर्याणीच," असं मी एकदा म्हणालो, तर दोन शुक्रवार तो माझ्याशी बोलला नाही. इथल्या गाजरांवर त्याचा कायमचा राग. "ये गाजर नहीं, मिठाई है."

एकदा मी फिल्टर काढत होतो. त्याच्या पाठीमागे शेगडीवर फडकं जळत होतं. मला खोकला आला, त्याला पत्ताही नव्हता. मी फडकं विझवलं, तसा तो खालीच बसला.

"बुखार के बाद नाक खलास," तो म्हणाला. "जबान भी."

आता आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मालकाला माहीत नव्हतं. हात सवयीने चालत होते, एवढंच.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी आधी जाऊन चाखायचो. मी ठीक म्हटलं की पलोव बाहेर जायचा.

मे महिन्यात मी सुट्टीवर गावी गेलो. परत आलो तोवर सगळं आटोपलं होतं. वास मारणारं मटण त्याने तसंच शिजवलं होतं. एक कुटुंब आजारी पडलं. मालकाने व्हिसा कॅन्सल केला. मी इथे असतो तर पहिल्याच घासाला कळलं असतं.

सलमाबादला, त्याच्या राहत्या खोलीत तो बॅग भरत होता.

"हमारे मोहल्ले में शादी का पलोव मैं ही पकाता था," तो म्हणाला. "अब क्या बोलूँ?"

"ठीक हो जाएगा."

"नहीं होगा, भाई."

मी त्याच्यासाठी घरच्या कलमाचा हापूस नेला होता. त्याला चव कळत नाही, हे नेताना माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याने आंबा नीट धुतला, कापला, सावकाश खाल्ला. मग कोय हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"कैसा है?"

"मीठा," मी म्हणालो.

मी आणखी सांगेन म्हणून तो थांबला. मग हात धुवायला उठला.