मच्छरदाणीचे पाच पदर

आमच्या सूनबाईचं काम सांगितलं की लोक आधी हसतात. ती पोवळ्यांना दिव्याची सवय लावते. मलाही पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा, एवढंच ठाऊक होतं. पण जिवंत पोवळं खाऱ्या पाण्यात फांद्या फुटून वाढतं, आणि रुसलं तर माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त दिवस रुसतं.

माशांच्या दुकानात दहा वर्षं ती टाक्यांच्या काचा घासायची आणि खारं पाणी कालवायची. मग मालकाने वीस पोवळी विकायला आणली, उघड्या हौदात उन्हावर वाढवलेली. म्हणाला, "उन्हाला पुरून उरली, दिव्याला काय भीक घालणार?" आणि पहिल्याच दिवशी दुकानातला लखलखीत दिवा पूर्ण लावला. आठवड्यात वीसच्या वीस पांढरी फटक. मेली.

खापर हिच्या माथी. "पाणी तू करतेस. पाण्यातच काहीतरी चुकलं."

"पाणी नाही, दिवा चुकला," ही म्हणाली. "थोडा मंद करून बघू."

"म्हणजे गिऱ्हाइकाने मासे चाचपून बघायचे का?"

पुढची पोवळी आली तेव्हा ही मालकाला म्हणाली, "सहा माझ्या घरी द्या, दुकानातल्यासारखाच दिवा द्या. महिन्याने या. जगली तर पोवळ्यांचं सगळं मी बघणार. मेली तर काचा घासेन, पुन्हा तोंड उघडणार नाही."

अशी ती टाकी आमच्या बाहेरच्या खोलीत आली, नेमकी माझ्या खुर्चीच्या जागी. हिने माझी जुनी मच्छरदाणी कापून पाच तुकडे केले आणि एकावर एक टाकीवर पसरले. वर दिवा. दर पाच दिवसांनी एक पदर काढायचा.

"अगं, उन्हातली ना ती? मग एवढे लाड कशाला?" मी विचारलं.

"आई, ऊन सकाळी हळूहळू चढतं, मध्येच ढग येतो. दिवा बटण दाबलं की थेट डोक्यावर. त्यातून याचा उजेड निळा. त्यांना हा नवाच आहे."

"म्हणजे नव्या सुनेसारखं. पहिल्याच दिवशी सगळं घर अंगावर टाकायचं नाही."

"तुम्ही टाकलं होतंत," ती म्हणाली, आणि पाणी तपासायला लागली.

दोन पदर निघाले. पोवळी मातकट होती, पण जिवंत. तेवढ्यात तिची आई घसरून पडली, मनगट मोडलं, आणि ही चार दिवस माहेरी गेली. जाताना म्हणाली, "आई, गुरुवारी एक पदर काढा. एकच."

"एकपर्यंत येतं मला मोजता."

गुरुवारी मी एक पदर काढला, घडी करून ठेवला. शनिवारी वाटलं, धुऊन टाकावा. बादलीत बुडवला, तर एकाचे दोन झाले! टाकीतलं पाणी उडून उडून मीठ वाळलं होतं, आणि ओल्या वहीची पानं चिकटावीत तसे दोन पदर एकमेकांना चिकटले होते. मला या वयात जेवढं धावता येतं तेवढी मी धावले. टाकीवर एकच पदर. पाच पोवळी खाली होती, ती ठीक दिसली. सहावं दगडावर उंच, दिव्याच्या अगदी जवळ. त्याची टोकं पांढरी पडली होती.

फोन केला. सगळं सांगितलं.

"एक परत टाका," ती म्हणाली. "आणि आता कशाला हात लावू नका." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

महिना भरला. पाच पोवळ्यांना हिरवा, जांभळा रंग चढला होता. सहावं अर्धं पांढरं.

"मोरीत लपवू का ते?" मी म्हटलं.

"सहा दिलीत त्याने, आई. त्यालाही येतं मोजता."

मालक आला. बोट गेलं ते पांढऱ्यावरच. "बघ! म्हटलं नव्हतं? पाणी!"

"पाणी नाही, मी," मी म्हटलं, आणि मच्छरदाणीची सगळी कथा सांगितली.

तो माझ्या खुर्चीवर बसला. "सहाही याच पाण्यात होती?"

"याच," सूनबाई म्हणाली.

"आणि एकच पदर जास्त निघाला? दोन दिवस?"

"दोन दिवस. तुम्ही तर पदरच घातला नव्हता."

तो उठून टाकीपाशी आला. "म्हणजे ती वीस..." म्हणाला. मग रुमालाने उगाच काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती. दारात चपला घालताना म्हणाला, "उद्या ये आणि दुकानातला दिवा किती वर बांधायचा ते सांग."

तेव्हापासून पोवळी तिच्याकडे आहेत. काचा आता मालक दुसऱ्याकडून घासून घेतो. ते अर्धं पांढरं पोवळं आमच्याकडेच राहिलं. खालून जिवंत आहे, भरून येईल की नाही ते सहा महिन्यांनी कळेल म्हणते.

मच्छरदाणी धुण्याचं काम माझ्याकडे आहे. विश्वास आहे म्हणते माझ्यावर. पण पाचही पदरांच्या कोपऱ्याला तिने वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधलेत.