सुतारकाका आणि अंजिरातली कीड

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा सुतारकाकांनी फर्निचरचा कारखाना मुलाच्या हवाली केला आणि ते घरी बसले. घरी बसले म्हणजे काकूंच्या राज्यात आले. कुठला डबा कुठल्या फळीवर, कुठली खिडकी कधी उघडायची, सगळं काकूंच्या हुकमाने चाले. काका मधे बोलायला जात आणि हात दाखवून अवलक्षण करून घेत.

मागच्या अंगणातलं अंजीरही काकूंचंच. त्यांनी लावलेलं, वाढवलेलं. एका सकाळी त्या झाडाखाली वाकून उभ्या होत्या.

"अहो, जरा इकडे या. तुमच्या कारखान्यातला भुसा इथे कसा?"

काका लंगडत आले. खोडाला बारीक भोकं पडली होती आणि त्यांतून भुसा गळत होता. काकांचा चेहरा उजळला. "खोडकीड आहे. हे काम माझं! कपाटाला कीड लागली की आम्ही एक जालीम औषध—"

"औषध नको. खाली कोंबड्या चरतात आणि फळ आपण सालीसकट खातो. विष सोडून काय ते करा."

काकांनी मग कपाटाच्या भेगा भरायच्या लांबीने सगळी भोकं बुजवली, वरून घासली, सालीच्या रंगाशी रंग जुळवला. काम असं सफाईदार की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. चार-सहा दिवसांत त्याच्याच खाली नवी भोकं पडली आणि ताजा भुसा सांडला. पानंही पिवळी पडू लागली.

काकूंनी खोडाकडे कौतुकाने पाहिलं. "कपाट छान झालंय. आता झाडाचं बघा."

हे काकांना झोंबलं. दिवसभर ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून रोपवाटिकेत गेले आणि तिथल्या बाईंना सगळं सांगितलं, लांबीसकट. बाई हसल्या.

"काका, तुम्ही अळीचं पुढचं दार लावलंत, तिने मागचं काढलं. भुसा ओला आहे की सुका?"

"काही ठिकाणी ओला."

"ओला, तिथे अळी आत आहे. तारेने ओढून काढा. मग कडुलिंबाच्या तेलाचा बोळा आत सारा, वरून चिकणमाती लिंपा. आणि वाळलेल्या फांद्या अंगणात ठेवू नका, जाळून टाका. नाहीतर त्यातूनच भुंगे निघतील आणि पुन्हा सालीत अंडी घालतील."

काकांनी सायकलच्या ब्रेकची जुनी तार घेऊन टोकाला आकडा वळवला. स्टुलावर बसून ते तार हळूहळू आत सरकवत. लाकूड लागलं की हाताला कडक कळे. मऊ लागलं की समजायचं, अळी. मग ते आकडा फिरवून ओढत. पहिली अळी बाहेर आली ती करंगळीएवढी, पांढरीफटक. खाली पडायचा अवकाश, कोंबडीने ती गट्ट केली.

"चला, एकीचं तरी पोट भरलं," काकू म्हणाल्या. त्या शेजारी बसून तेलात कापूस भिजवून देत होत्या. हात चालू तशा गोष्टीही चालू. ही फांदी त्या वादळाच्या वर्षी फुटली, त्या बेचक्यात बुलबुलाने घरटं केलं होतं, आपली धाकटी लेक इथेच चढून रुसून बसायची.

"मला कधी सांगितलं नाहीस," काका म्हणाले.

"तुम्ही घरी होतात कुठे?"

काकांनी तार पुढच्या भोकात घातली.

खरी अडचण वरच्या जाड फांदीची होती. काकांनी लाकडी हातोडीने ठोकून पाहिलं, तर आवाज पोकळ. सर्वांत जास्त फळं त्याच फांदीला धरत.

"नाही का वाचणार?" काकूंनी विचारलं.

"आतून संपली आहे. ठेवली तर कीड पुन्हा खोडात उतरेल."

काका गुडघे सांभाळत शिडीवर चढले, करवत लावली, पण ओढवेना. जन्मभर लाकूड कापण्यात गेलेला माणूस, पण पानं असलेलं कधी कापलं नव्हतं. "तूच सांग कापा म्हणून," ते म्हणाले.

काकू घरात निघून गेल्या. बऱ्याच वेळाने परतल्या आणि शिडी घट्ट धरून म्हणाल्या, "कापा. पण तुकड्यातुकड्याने. खालची डहाळी मोडायला नको."

अंगणाच्या कोपऱ्यात ते तुकडे पेटवले. त्यातला एक बरा तुकडा काकांनी सवयीने बाजूला सारला. पटाशीची मूठ झाली असती.

"अहो!"

तोही आगीत गेला.

कापल्या जागी आणि सगळ्या खोडाला त्यांनी चिकणमाती आणि कडुलिंबाच्या तेलाचा दाट लेप दिला, बुंध्याशी कुजलेलं खत घातलं. उन्हाळाभर पाणी चुकवलं नाही. संध्याकाळी भुंगे खोडावर येत, तेव्हा काका ते चिमटीत धरून साबणाच्या पाण्यात टाकत.

त्या वर्षी फळ जेमतेम वाटीभर आलं. ते काकूंनी रोपवाटिकेतल्या बाईंना नेऊन दिलं. पुढल्या वर्षी कापल्या जागेखाली तीन धुमारे फुटले आणि झाड बुटकं, पण भरगच्च दिसू लागलं.

कीड कायमची गेली असं नाही. रोज सकाळी चहाआधी काका बुंध्याभोवती एक फेरी मारतात. परवा मुळाशी चिमूटभर ओला भुसा दिसला.

"अगं, पाहुणे आलेत," त्यांनी हाक मारली.

"आले हं, कापूस घेते," आतून काकू म्हणाल्या. काकांनी स्टूल झाडाकडे ओढलं.