डाव्या हाताची रायफल आणि उजव्या हाताची मुलगी

मी आयुष्यात एकदाच रायफल विकत घेतली, आणि ती उलट्या बाजूची निघाली. म्हणजे रायफल सुलटीच होती. उलटी मी आहे.

मी डावखुरी आहे. हे माझ्या कोचना माहीत होतं, शूटिंग रेंजच्या चौकीदाराला माहीत होतं, फक्त आईला माहीत नव्हतं. मी बालवाडीत असतानाच तिने माझा डावा हात 'सोडवला' होता. ("पोट्टीची सवय मी आठ दिवसांत मोडली!" हे अख्ख्या विदर्भातल्या नातेवाइकांना ठाऊक आहे.) सवय मोडली नव्हती, ती फक्त दार लावून घ्यायला शिकली होती. घरी मी उजव्या हाताने जेवते, लिहिते, पाहुण्यांना चहा देते. दात मात्र डाव्या हाताने घासते, कारण बाथरूमला कडी आहे.

तीन वर्षं मी क्लबच्या रायफलवर नेम धरत होते. रायफल बोल्टची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर एक कडी मागे ओढून पुन्हा पुढे ढकलायची. ही कडी असते उजव्या बाजूला आणि मी डाव्या खांद्याची! दर गोळीला मला हात रायफलवरून पलीकडे न्यावा लागे, शेजारणीच्या ताटातली भाकरी चोरल्यासारखा. राज्य स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती. त्यात कोचसरांचा फोन आला.

"बेटा, सदर बाजार वाली दुकान में एक लेफ्ट हैंड आई है. ऐसी दोबारा नहीं मिलेगी. कल ही ले लो!"

लायसन्स हातात होतंच. त्याच्या अर्जात 'बोर', म्हणजे नळीची जाडी, असा एक रकाना होता, आणि त्यावरून आमच्या डायनिंग टेबलवर तीन संध्याकाळी सभा भरली होती. माझ्या स्पर्धेला 'पॉइंट टू टू' लागते. पप्पांना ती फार बारीक वाटली.

"घ्यायचीच तर मोठी घ्यावी. फ्रिज छोटा घेतला, अजून पस्तावून राहिलो."

तेव्हा मुक्कामाला आलेल्या मामाचं मत होतं की तीनशे पंधराच घ्यावी. मामा नागपूरला बँकेत आहे. बँकेच्या दारात बंदूकवाला गार्ड बसतो, त्यामुळे मामाला बंदुकीतलं कळतं, असं आमच्या घरी मानतात. मी तिन्ही संध्याकाळी काही बोलले नाही. दोघं वरणभातावर आले तेव्हा रकान्यात गुपचूप 'पॉइंट टू टू' लिहून टाकलं. लिहिता येतं मला. बोलण्याचाच प्रश्न आहे.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही सदर बाजारात. मी, आई, पप्पा, आणि खास या खरेदीसाठी नागपूरहून सकाळच्या गाडीने आलेला मामा. दुकानदाराने काउंटरवर दोन रायफली ठेवल्या. दोन्ही पॉइंट टू टू. एकीची कडी उजवीकडे, दुसरीची डावीकडे.

डावीकडची पाहून मला भरून आलं. कोणीतरी, कुठल्यातरी देशात, माझ्यासारखीचा विचार करून ती घडवली होती! मी हात पुढे केला.

"उजवा हात!" आई दातांतून म्हणाली.

प्रसाद घेताना, वाण घेताना, शेजारच्या काकूंकडून विरजण घेताना वीस वर्षं ऐकलेला तोच आवाज. डावा हात आपोआप ओढणीत शिरला, उजवा आपोआप बाहेर आला.

"दीदी तो राइटी हैं," दुकानदार म्हणाला.

"राइटीच आहे. मी केली," आई म्हणाली. "भैया, इसमें मरून कलर नहीं है क्या?"

मरून नव्हता. मामाने उजव्या कडीची रायफल उचलली, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून पाहिला. "हिची कडी बरोबर बाजूला आहे. आमच्या गार्डचीपण अशीच हाय."

"और ये?" पप्पांनी डावीकडे बोट दाखवलं.

"वो उल्टे हाथ वाली है, साहब. चार महीने से पड़ी है."

"पाह्य!" मामा म्हणाला. "चार महिन्यांत कोणी हात नाही लावला. काही तरी खोट असनच."

मग सगळे माझ्याकडे वळले. दुकानदारसुद्धा. चहा घेऊन आलेले काकासुद्धा.

"तुले कोणती पाहिजे, सांग ना!" आई म्हणाली. "बोलून काहून नाही राहिली?"

माझ्या डोक्यात पूर्ण वाक्य तयार होतं. अगदी कर्ता, कर्म, क्रियापदासकट. इंग्रजीत. पण ते बोलायचं म्हणजे चार महिने पडून असलेल्या बंदुकीसमोर, मामाच्या साक्षीने, आईचे ते आठ दिवस खोटे पाडायचे! मी उजवा हात पुढे केला आणि तो जिथे सहज पोचला तिथे बोट ठेवलं.

"ही."

मोठ्या हौसेने आम्ही चुकीची रायफल घरी आणली. आईने तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, ते हिच्या कुठे ठेवायचं यावर चर्चा झाली. (शेवटी पप्पांनी त्याचं सरबत केलं.)

रविवारी अख्खं कुटुंब रेंजवर. मामाने त्यासाठी सुट्टी वाढवली होती. मी चटईवर पालथी झोपले. मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आई, मांडीवर चिवड्याचा डबा. तिच्यादेखत डावा खांदा? शक्यच नव्हतं. मी जन्मात पहिल्यांदा रायफल उजव्या खांद्याला लावली, उजवा डोळा उघडा ठेवला (याने मला बसचा नंबरसुद्धा दिसत नाही) आणि चाप ओढला.

माझ्या टार्गेटवर काहीच उमटलं नाही. शेजारच्या लेनमधल्या आजोबांच्या टार्गेटवर मात्र एक सुंदर भोक पडलं.

"अरे वा!" आजोबा खूश झाले. त्यांनी अजून गोळी भरलीसुद्धा नव्हती.

कोचसर धावत आले. "बेटा, ये क्या कर रही हो? तुम तो उल्टे हाथ से चलाती हो! और ये राइट हैंड वाली क्यों उठा लाई?"

मागे चिवड्याचा आवाज थांबला.

"उल्टे हाथ से?" आईने विचारलं.

"हाँ जी, शुरू से. तीन साल से."

आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी चटईवरच होते, त्यामुळे मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या.

"वीस वर्षं?"

"हो."

"जेवताना?"

"जेवताना नाही."

"दात?"

"...हो."

चपला खुर्चीकडे वळल्या. मग आईने पर्स उचलली. "चला. सदर बाजार."

दुकानात शिरता शिरता ती कडाडली, "भैया, आपने हमको सीधी बंदूक दे दी!"

"जी, बहनजी. आपने सीधी ही माँगी थी."

"मैंने माँगी थी! लड़की ने कहाँ माँगी थी? लड़की मेरी जनम से उल्टी है!"

तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. लायसन्सवरच्या नोंदीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्के, पुन्हा साहेब जेवायला गेलेले. पण स्पर्धेच्या आठ दिवस आधी डाव्या कडीची रायफल माझ्या डाव्या खांद्यावर होती. आई आता नातेवाइकांना फोनवर सांगते, "पोट्टी डावखुरी आहे, तेच तर वैशिष्ट्य! मी कधी टोकलं नाही."

स्पर्धेत मी माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले नेम मारले. एवढंच झालं, की पाठीवर लावायचा नंबर देताना टेबलवरच्या बाईंनी मला चुकून दुसऱ्याच मुलीचा दिला. मला ते लगेच दिसलं होतं. पण मागे रांग होती, बाई घाईत होत्या... मी काही बोलले नाही.

माझ्या नेमांवर त्या मुलीला तिसरं बक्षीस मिळालं. मी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी.