सही न करणारा मेस्तरी

अक्कलकुव्याच्या नाक्यावरचा आमचा मेस्तरी मोटरसायकल कंपनीचा इतिहास तोंडाने वाजवून दाखवतो. जपान्यांसोबत काढलेली पहिली गाडी "रिंऽऽ", त्यांच्याशी सोडचिठ्ठी झाल्यावरची कंपनीची स्वतःची "धडधडधड". कंपनी वाढत जाते तसा त्याचा आवाजही वाढतो, आणि शेजारचा चहावाला कानांवर हात ठेवतो.

याच कंपनीने जुन्या गाड्यांचे पार्ट बंद केले. डोंगरातल्या माणसाने काय गाडी डोक्यावर वाहायची? मी संतापून कंपनीविरुद्ध सह्यांचं पत्रक छापलं, सभेला निघालो, आणि माझीच गाडी मेस्तरीच्या दारात बंद पडली.

"मेस्तरी, आधी सही करा."

"मन्ही सासरवाडी शे ती कंपनी, तिन्हा गाड्यासवर मन्हं घर चालस. सही नही." मग त्याने पत्रक वाचलं. "परदेशी कंपनी? भाऊ, सोडचिठ्ठी हुई गयी ना! पहिले हाई खोड, मंग गाडी."

सभा चारला, पत्रकं दोनशे. माझी घाई पाहून तोही ऑइलच्या हातांनी खोडायला बसला. नंतर गाडी दोन मिनिटांत सुरू.

सभेत माझा जळजळीत मजकूर कोणी वाचलाच नाही. "हा तर मेस्तरीचा अंगठा, माझ्या टाकीवर असाच आहे," पत्रकावरचा ऑइलचा काळा ठसा दाखवत एकजण म्हणाला, आणि सह्यांना रांग लागली.

मेस्तरीला हे अजून माहीत नाही. मी सांगणारही नाही.