देवासमोर बोललेलं

आमच्या ह्यांचं नाव शिवा. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. कोणाला मूल हवं, कोणाच्या पोराला नोकरी हवी, ज्याची त्याची अडचण हे देवाच्या कानावर घालणार आणि मागून माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणणार. उभ्या जन्मात कोणाचं मन मोडलं नाही. मला तर कधीकधी रागच यायचा, एवढं गोड वागायचं कशाला!

वर्षभरात माणूस पार बदलला. शेजारच्या मयतात मोठ्याने हसले. जावयाला शिव्या घातल्या. अंघोळीला जा म्हटलं तर अंगावर धावून येत. आणि एकदा भर गाऱ्हाण्यात म्हणाले, "म्हाराजा, ही तुळसा माका नको होती. आवशीन गळ्यात बांधल्यान."

तुळसा म्हणजे मी, आवस म्हणजे त्यांची आई. सवयीने दोघेतिघे 'व्हय म्हाराजा' म्हणून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवासमोर कोणी खोटं बोलत नाही, असं आमचा गाव मानतो.

कौल लावून झाले, नारळ देऊन झाले. शेवटी शेजारची जॉयसी, गोव्यात नर्स आहे ती, माझ्यावरच चिडली. "वैनी, आधी मेंदूचो फोटो काढा."

फोटोत कपाळामागे गाठ निघाली. मेंदूचा हा पुढचा भाग माणसाला आवरून धरतो, डॉक्टर म्हणाले, गाडीच्या ब्रेकसारखा. गाठीने तो दाबला की स्वभावच बदलतो. खोटं कशाला सांगू, ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे ते बोललेच नव्हते, गाठ बोलली होती.

पण गोव्याच्या इस्पितळातून परतताना बांदा गाव ओलांडलं आणि मनात आलं, ब्रेक गेला म्हणून भलतंच तोंडातून आलं, की आत होतं तेच बाहेर पडलं? पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं.

"नक्की सांगता येत नाही, बाई," ते म्हणाले.

ऑपरेशन पार पडलं. हळूहळू ह्यांचा आवाज पहिल्यासारखा मऊ झाला. परवा पेज भरवताना मी धीर केला. "देवळात बोललात, ता खरा काय?"

"मी असा बोललंय? माका कायएक आठवणा नाय गो." त्यांचे डोळे भरून आले. "तुझ्याशिवाय माका कोण आसा?"

मला रडू आवरेना. आणखी दोन घोट घेऊन ते म्हणाले, "पेज बरी झाली गो."

उरलेली पेज मी तोंडाला लावली. मीठ घालायलाच मी विसरले होते. आता खरं विचारू तरी कोणाला?