रेडिओभाईंची काळी फ्लॉपी

जवळ असतीस तर कानच धरला असता. फोनवर काय म्हणालीस, "आत्या, ती फ्लॉपी टाकून दे, आता कुठं चालते?" टाकून दे म्हणे. आधी रेडिओभाई कोण होते ते ऐक.

लोणंदला आमच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान. माणूस असा, की रेडिओ उघडण्याआधी त्याची माफी मागायचा. "उघडतो बाबा, रागवू नको," म्हणायचे. माझं अंडी उबवायचं मशीनही त्यांनीच बनवलं. आत एक चिप, ऊब सांभाळणारी. तिचा प्रोग्रॅम त्यांनी पुस्तकं वाचून स्वतः लिहिलेला.

सत्त्याण्णवच्या संक्रांतीला मशीनचा ऊब मोजणारा भाग जळला. तसला कुठं मिळेना, आणि दुसऱ्या तऱ्हेचा बसवायचा तर प्रोग्रॅम बदलणं आलं. आत तर अंडी भरलेली. आम्ही पाळीपाळीनं बल्ब लावत-विझवत ऊब धरून बसलो.

"मग बदला की प्रोग्रॅम," मी म्हटलं.

"वहिनी, मी लिवलेलं चिपला कळत न्हाई. मधी कंपायलर लागतो, तो तिच्या भाषेत करून देतो. फ्लॉपीवरचा आपला जुना बिघडला. नवा आणला, तर त्याला माझं लिखाण पटंना. पानभर चुका काढतोय."

मला काही उमजेना. लिहिणारा तोच, लिहिलेलं तेच, कालपर्यंत पिल्लं निघत होती. मग चुका आल्या कुठून?

जुन्या कंपायलरसाठी भाई वाईला जाऊन आले, आटपाडीला जाऊन आले, हात रिकामेच. शेवटी सांगलीच्या एका सरांकडे निघाले, तेव्हा आमच्या ह्यांना, तुझ्या मामांना, बल्बपाशी बसवून मीही पॅसेंजरनं गेले.

सर म्हणाले, "जुनी फ्लॉपी बघू."

भाईंनी पिशवीतून काढली. काळी, चौकोनी, आणि मधल्या उघड्या फटीत पिवळं-तांबडं बोट उमटलेलं. माझंच. खंडेनवमीला त्यांची हत्यारं पुजताना तेवढीच जागा चकचकीत दिसली, म्हणून तिथं ओलं हळदकुंकू टेकवलं होतं.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"पावसाळ्यात बुरशी धरली, सर." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी सांगायला पुढं सरकले. तोवर सरांनी, नव्याचे नियमच निराळे म्हणत, कपाट उपसून तसलाच जुना कंपायलर शोधला आणि दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून दिला.

परतीच्या गाडीत म्हटलं, "भाई, ती हळद माझी."

"व्हय."

"मग आधी बोलला का न्हाई?"

"तुमी माझ्या हत्याराला हात जोडला, वहिनी. त्याची तक्रार कुठं करू?"

पिल्लं निघाली, सगळी नाही, पण निघाली. पुढच्या खंडेनवमीला भाईंनी नवी फ्लॉपी प्लास्टिकात गुंडाळून स्वतःच पाटावर मांडली. "आता पुजा. पण वरनंच."

भाई दुकान मोडून मुलीकडे सांगलीला निघाले, तेव्हा तीच माझ्या हातात दिली. "ठेवा. मशीन इसरलं तर लागंल."

मशीन भंगारात गेलं, भाईही गेले. मी अजून दरवर्षी प्लास्टिकवरून हळद लावते. आत काही उरलंय की नाही, मला कसं कळावं? तू शिकलीस ना? मग यंदा खंडेनवमीच्या आधीच ये, आणि बघून सांग.